पुढच्या गावाला पाठवलेली मुले

अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात मालगाड्यांवर चोरून बसून देशभर फिरणाऱ्या बेकारांवर हॉलिवूडने बरेच चित्रपट काढले. त्यातल्या बहुतेकांत एक ठरीव चित्र सापडते. धावत्या वाघिणीच्या दारात पाय सोडून बसलेला माणूस, मागे पळणारी कुरणे, खिशात दमडी नाही पण डोक्यावर मालकही नाही. विल्यम वेलमनचा १९३३ सालचा 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' हा चित्रपट त्या चित्राला बळी पडत नाही, म्हणून तो मला या सगळ्या पंगतीत वेगळा वाटतो. जेमतेम ६८ मिनिटांचा हा चित्रपट मंदी अगदी तळाला असताना, फर्स्ट नॅशनल या वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यातल्या कंपनीने काढला. त्यात मोठे नट नाहीत, शाळकरी वयाची पोरे आहेत. त्यांचा प्रवास साहस म्हणून सुरू होत नाही आणि कुठल्या मुक्कामालाही पोहोचत नाही. त्यांना जागोजागी हुसकावले जाते आणि हुसकावण्याला सोयीचे साधन म्हणून मालगाडी हजर असते. मंदीच्या काळातली ही भटकंती म्हणजे जबाबदारी पुढच्या गावावर ढकलण्याची एक देशव्यापी पद्धत होती, हे या चित्रपटाइतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्या कथापटाने सांगितलेले मला दिसत नाही. इतिहासाची कागदपत्रेही त्याच बाजूने साक्ष देतात.

कथा साधी आहे. एडी आणि टॉमी हे हायस्कुलातले दोन मित्र. टॉमीच्या विधवा आईला काम मिळेनासे झालेले असते. एडी त्याला आपल्या वडिलांकडे नोकरी मागू म्हणून धीर देतो आणि घरी येऊन पाहतो तर वडिलांचीच नोकरी गेलेली. मग तो आपली जीवापाड जपलेली मोडकी मोटार २२ डॉलरला विकतो आणि पैसे वडिलांच्या हातावर ठेवतो. तेही पुरणार नाहीत हे कळल्यावर दोघे मित्र ठरवतात, घरातली खाणारी तोंडे कमी करायची. चिठ्ठी ठेवून ते मालगाडी पकडतात. गाडीत सॅली नावाची मुलगी भेटते. मुलाचे कपडे घालून ती शिकागोच्या मावशीकडे निघालेली असते. शिकागोला गाडी लागते तेव्हा पोलीस उभेच असतात, कारण शहरातल्या माणसांनाच तिथे काम नाही. सॅलीजवळ मावशीचे पत्र असते म्हणून ती सुटते, या दोघांनाही आपले नातलग म्हणून सोडवते. मावशी आनंदाने घरात घेते खरी, पण ते घर म्हणजे कुंटणखाना निघतो, त्याच वेळी तिथे धाड पडते आणि तिघे खिडकीतून पळतात. पुढच्या गाडीत एका एकट्या मुलीवर रेल्वेचाच एक कर्मचारी बलात्कार करतो. मुले त्याला घेरतात आणि तो गाडीतून पडून मरतो. क्लीव्हलंडजवळ पोलिसांच्या भीतीने चालत्या गाडीतून उड्या टाकताना टॉमी डोके आपटून रुळावर कोसळतो आणि समोरून येणाऱ्या गाडीखाली त्याचा पाय जातो. सांडपाण्याच्या मोठमोठ्या नळांत ही मुले वस्ती करतात, तर पाण्याचे फवारे मारून त्यांना तिथूनही हाकलले जाते. शेवटचा मुक्काम न्यूयॉर्कच्या उकिरड्यावर. घर, शिकागो, मावशीचे घर, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क: पटकथेचा एकेक टप्पा म्हणजे एकेक दार बंद होणे आहे. कुठलाही टप्पा मुलांनी हौसेने सोडलेला नाही.

पटकथाकाराने हे रडे वाढवून सांगितले असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून आकड्यांकडे पाहू. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या कामकरी लोकांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. मिझुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आपल्या गाड्यांवर चोरून बसलेल्यांची नोंद ठेवली होती. १९२८ साली तिला असे १३,७४५ लोक आढळले. १९३१ साली १,८६,०२८. तीन वर्षांत तेरापटींहून जास्त. सदर्न पॅसिफिक कंपनीने १९३२ या एका वर्षात आपल्या गाड्यांवरून उतरवलेल्यांचा आकडा ६,८३,४५७ सांगितला. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकाच माणसाला चार ठिकाणी उतरवले तर तो चारदा मोजला जातो, त्यामुळे इतकी वेगवेगळी माणसे होती असा निष्कर्ष काढता येत नाही. पण माझ्या मुद्द्याला हीच गोष्ट बळ देते. उतरवलेला माणूस पुन्हा पुढची गाडी पकडत होता, पुन्हा उतरवला जात होता, म्हणजे कंपनीची वही माणसांपेक्षा हुसकावण्याचीच मोजदाद करत होती. या लोंढ्यात वयाने कोवळी मुले किती, याचा सरकारच्या बालक-विभागाने बांधलेला अंदाज अडीच लाखांच्या आसपासचा होता. मिनेसोटा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ थॉमस मिनेहन फाटके कपडे घालून या मुलांत मिसळले, त्यांच्याबरोबर राहिले आणि १९३४ साली त्यांनी या मुलामुलींवर सबंध पुस्तक लिहिले. वेलमनचा चित्रपट त्याच्या आदल्या वर्षीचा. अभ्यासकांचे पुस्तक छापून येण्याआधी एक व्यावसायिक चित्रपट त्या विषयाला भिडला होता, हे त्याच्या श्रेयात मांडायला हवे.

मालगाडीवरचा भटक्या ही मंदीची निर्मिती नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या आधी निदान पन्नास वर्षे अमेरिकेच्या पश्चिम भागाची सगळी हंगामी कामे 'होबो' म्हणवल्या जाणाऱ्या या मजुरांच्या जिवावर चालत होती. गव्हाची कापणी, लाकूडतोड, थंडीत गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापणे, खुद्द रेल्वेचे रूळ टाकणे. सुगी संपली की मजूर मालगाडीने दुसऱ्या कामावर जाई, आणि हिवाळ्यात शिकागोच्या वेस्ट मॅडिसन रस्त्यावर स्वस्त खोली घेऊन पडून राही. नेल्स अँडरसन यांनी १९२३ साली 'द होबो' हे पुस्तक लिहिले ते याच जगावर. शेतमालकाला हे मजूर वेळेवर हवे असत, त्यामुळे रेल्वेवालेही सुगीच्या दिवसांत पुष्कळदा काणाडोळा करत. पुढे कापणी-मळणीची यंत्रे आली, स्वस्त मोटारी आल्या आणि विशीच्या दशकातच हा जुना होबो ओसरू लागला. मंदीने रुळांवर आणलेली गर्दी वेगळीच होती. गाडीच्या दुसऱ्या टोकाला तिची कोणी वाट पाहत नव्हते. हा फरक खुद्द वेलमनच्याच दोन चित्रपटांत दिसतो. जिम टलीच्या पुस्तकावरून त्याने १९२८ साली 'बेगर्स ऑफ लाइफ' काढला. त्यातही मुलाच्या वेषातली मुलगी आहे, लुईझ ब्रुक्सने उभी केलेली. तीही मालगाडीवर चढते, पण ती अत्याचार करणाऱ्या पालकाचा खून करून पळालेली आहे आणि तिच्या भोवतीचे जग मुरलेल्या भटक्यांचे आणि गुंडांचे आहे. पाचच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या मालगाडीत शाळेतून उठून आलेली मुले बसली. गाडी पकडायला आता गुन्हा घडावा लागत नव्हता, वडिलांची नोकरी जाणे पुरेसे होते.

गाडी पकडणे म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय त्यातली भीती कळत नाही. वाफेच्या इंजिनाची मालगाडी साधारण शंभर मैलांनी इंजिन बदलायला, पाणी-कोळसा घ्यायला थांबे. अशा ठिकाणी मोठे यार्ड असे, आणि तिथेच रेल्वेचे स्वतःचे पोलीस दंडुके घेऊन फिरत. त्यामुळे यार्डात न चढता गाडी बाहेर पडून वेग घेत असताना, तिच्याबरोबर धावत वाघिणीची शिडी पकडावी लागे. शिडी पुढच्या टोकाची धरायची, हा तिथला पहिला धडा. पुढची शिडी हातातून निसटली तर माणूस वाघिणीच्या बाजूवर आपटून बाहेर फेकला जाई. मागची निसटली तर दोन वाघिणींच्या मधल्या फटीत, म्हणजे थेट चाकांखाली. आत शिरल्यावरही सुटका नव्हती. बंद वाघिणीचे जड दार धक्क्याने लागले आणि बाहेरून अडसर पडला तर आतला माणूस कोंडला जाई. लाकडाच्या ओंडक्यांची किंवा पोलादी नळांची रचलेली थप्पी वळणावर सरकली तर तिच्या आडोशाला बसलेला चिरडला जाई. टपावर बसणाऱ्याला बोगद्यातला धूर आणि हिवाळ्यातला वारा. देशभरच्या रेल्वे अपघातांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या हिशेबात १९२९ ते १९३९ या काळात रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलेले २४,००० हून अधिक लोक मेले आणि २७,००० हून अधिक जखमी झाले. यात रुळांवरून पायी चालणारेही धरलेले आहेत, सगळेच गाडीवर चढलेले नव्हते. तरी मेलेल्यांचा आणि जखमींचा आकडा जवळजवळ बरोबरीला यावा, ही गोष्ट बोलकी आहे. चाकाशी गाठ पडल्यावर नुसत्या जखमेवर भागण्याची शक्यता फार नव्हती. टॉमीचा पाय जाण्याचा प्रसंग अनेक समीक्षकांना भडक वाटला आहे. मला तो संयमी वाटतो, कारण टॉमी जिवंत राहतो.

आता मूळ प्रश्न. गावे या मुलांना ठेवून का घेत नव्हती? माणुसकी आटली होती, हे उत्तर सोपे आहे पण अपुरे आहे. दारावर आलेल्या पोराला मागच्या पायरीवर बसवून जेवू घालणारी कुटुंबे हजारोंनी होती. त्या पिढीच्या आठवणींत अशा बायकांचा उल्लेख कृतज्ञतेने वारंवार येतो. अडचण कायद्याच्या घडणीतच होती. गरिबाला मदत करायची ती त्याच्या स्वतःच्या गावाने, ही कल्पना इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब-कायद्यातून आणि १६६२ च्या वस्ती-कायद्यातून अमेरिकेत आली आणि राज्याराज्यांच्या कायद्यांत मुरली. मदत मागणाऱ्याने त्या राज्यात किंवा त्या तालुक्यात ठरावीक काळ राहिलेले असले पाहिजे, असा नियम असे. कुठे एक वर्ष, कुठे पाच वर्षे. मंदी येईपर्यंत हे कोणाला फारसे टोचले नव्हते. मंदीत मात्र गावांची तिजोरीच रिकामी झाली. घरपट्टी-जमीनपट्टी वसूल होईना, शाळांचे वर्ग बंद पडू लागले, आपल्याच बेकारांना पुरवायला पैसा राहिला नाही. अशा वेळी परगावच्या पोराला एक वेळचे जेवण, एक रात्र कोठडीत झोपायला जागा आणि सकाळी गावाबाहेरचा रस्ता, हा सर्वांत स्वस्त उपाय होता. प्रत्येक गावाच्या दृष्टीने तो शहाणपणाचाही होता. चांगली वागणूक दिली तर उद्या आणखी शंभर येतील, ही भीती खोटी नव्हती. पण सगळीच गावे तसे वागू लागल्यावर देशात कुठेच न थांबू शकणारी एक लोकसंख्या तयार झाली. त्यात आणखी एक क्रूर पेच होता. घर सोडून वर्षभर बाहेर राहिले तर पुष्कळदा जुन्या गावचा हक्कही जाई आणि नव्या ठिकाणी तो मिळालेला नसे. हिंडायला लावायचे आणि हिंडला म्हणून हक्क काढून घ्यायचा, असा तो व्यवहार होता. हे लक्षात घेऊन चित्रपटातला शिकागोचा प्रसंग पुन्हा पाहावा. फलाटावर पोलीस मुलांना विचारतात ते इतकेच, की इथे तुमचे कोण आहे. सॅलीजवळचे मावशीचे पत्र त्या क्षणी पारपत्राचे काम करते.

इथे एक आक्षेप घ्यावा लागेल आणि तो क्षुल्लक नाही. पुष्कळ मुले खरोखरच हौसेने निघाली होती. १९९७ साली मायकेल उइस आणि लेक्सी लव्हेल यांनी 'रायडिंग द रेल्स' हा माहितीपट काढला. त्यात वृद्धापकाळी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून भुकेच्या नि भीतीच्या आठवणी येतात, तशी रात्रीच्या शिट्टीची ओढही येते. तेव्हा सगळ्यांना ढकलून दिलेले ठरवणे हा त्यांच्या इच्छाशक्तीचा अपमान नाही का? मला वाटते, इथे घर सोडण्याचे कारण आणि न थांबता हिंडत राहण्याचे कारण अशी फोड करायला हवी. पंधरा-सोळाव्या वर्षी जग पाहावेसे वाटणे हे प्रत्येक काळात असते. चांगल्या दिवसांतही काही मुले पळून जातातच. पण हौस थोड्या दिवसांत भागते. महिनेन् महिने, गावामागून गाव, उपाशीपोटी फिरत राहावे लागणे हे हौसेने समजावता येत नाही. त्यासाठी थांबायला जागा नसावी लागते. स्वातंत्र्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटांची अडचण ही, की ते पहिला आठवडा दाखवतात आणि सहावा महिना गाळतात. रॉबर्ट ऑल्ड्रिचचा १९७३ सालचा 'एम्परर ऑफ द नॉर्थ' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तोही १९३३ मध्येच, ऑरेगनमध्ये घडतो. ली मार्व्हिन हा भटक्यांचा बादशहा आणि अर्नेस्ट बोर्गनाइन हा हातोडा घेऊन फुकट्यांना ठेचणारा गाडीचा कंडक्टर, यांच्यात चुरस लागते की १९ नंबरच्या गाडीवर फुकट बसून शेवटपर्यंत जाता येते का. कॉटेज ग्रोव्हजवळच्या ज्या मार्गावर बस्टर कीटनने 'द जनरल' चित्रित केला त्याच मार्गावर हा घेतलेला आहे, आणि धावत्या गाडीवरच्या मारामारीच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण त्यात सगळा अन्याय एका विकृत माणसात गोळा झाला आहे. त्याला हरवले की हिशेब मिटतो. गाडी जिंकल्यावर त्या माणसाने राहायचे कुठे, खायचे काय, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही. वेलमनकडेही खलपुरुष आहे, तो बलात्कारी कर्मचारी. तो मरतो, पण त्याच्या मरणाने मुलांच्या परिस्थितीत तसूभर फरक पडत नाही, उलट पळणे वाढते. वेलमनला खलपुरुष आणि व्यवस्था यांतला भेद कळलेला होता.

तरी या चित्रपटाचे एक अपयश झाकून चालणार नाही, आणि ते माझ्याच मुद्द्याच्या आड येणारे आहे. गाडीतल्या घोळक्यात कृष्णवर्णीय मुले दिसतात, पण कथा त्यांची नाही. त्यांची कथा काय असू शकत होती, हे त्या वेळी सगळा देश वर्तमानपत्रांत वाचत होता. २५ मार्च १९३१ रोजी टेनेसीतल्या चॅटनूगाहून निघालेल्या मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या मुलांची मारामारी झाली. उतरवलेल्या गोऱ्यांनी तक्रार केली, अलाबामातल्या पेंट रॉक स्थानकावर हत्यारबंद जमावाने गाडी अडवली आणि नऊ काळ्या मुलांना पकडले. त्याच गाडीत असलेल्या दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावी काही दिवसांतच खटले उरकून आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. नववा इतका लहान होता की त्याच्या शिक्षेवर ज्युरीचे एकमत झाले नाही. दोन फिर्यादी स्त्रियांपैकी एकीने १९३३ साली आपले म्हणणे न्यायालयात मागे घेतले. सर्वोच्च न्यायालयाने दोनदा शिक्षा फिरवल्या तरी ही मुले वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली, आणि त्यांच्यातल्या शेवटच्या तिघांच्या नावावरचा कलंक अलाबामाने मरणोत्तर माफी देऊन पुसला तो २०१३ साली. वेलमनच्या चित्रपटात गाडीत बलात्कार होतो आणि मुलेच त्याचा न्याय करतात. तीच मुले काळी असती तर पुढच्या स्थानकावर काय झाले असते, हा प्रश्न १९३३ च्या प्रेक्षकाला सुचणे अवघड नव्हते. चित्रपटाने तो टाळला. हुसकावण्याची पद्धत सगळ्यांना लागू होती, पण गोऱ्या मुलाला पुढच्या गावाला पाठवले जाई आणि काळ्याला दोरखंडाच्या किंवा विजेच्या खुर्चीच्या वाटेवर, इतके अंतर त्या एकाच वाघिणीत होते. माझा मुद्दा यामुळे कोसळत नाही, पण 'सगळी मुले सारखीच' असा जो सूर चित्रपट लावतो तो मान्य करता येत नाही.

सर्वांत जास्त टीका झाली ती शेवटावर. न्यूयॉर्कमध्ये एडीला लिफ्ट चालवण्याचे काम मिळू पाहते, पण त्यासाठी लागणारा कोट घ्यायला तीन डॉलर नाहीत. पैशासाठी भीक मागताना दोन गुंड त्याच्या हाती एक चिठ्ठी देऊन समोरच्या चित्रपटगृहाच्या खिडकीवर पाठवतात. ती दरोड्याची धमकी निघते. तिघेही बालन्यायालयात उभे राहतात. तिथे एडीचा बांध फुटतो. तुम्हाला आम्ही डोळ्यांसमोर नको आहोत म्हणून तुरुंगात घालता, पण माझ्यासारखे हजारो आहेत, अशा अर्थाचे तो बोलतो. टॉमी विचारतो की बँकांना मदत मिळते, शेतकऱ्यांना द्या म्हणून ओरड होते, मग आमचे काय. आणि मग न्यायाधीश विरघळतात. एडीला नोकरी, सॅलीला घरकाम, टॉमीलाही बसून करण्यासारखे काम. न्यायाधीशांच्या डोक्यावर भिंतीवर रूझवेल्ट सरकारच्या राष्ट्रीय पुनरुत्थान योजनेचा निळा गरुड झळकत असतो. मूळ योजना वेगळी होती, मुलांची रवानगी सुधारगृहात होणार होती. स्टुडिओच्या आग्रहाने गोड शेवट आला. वॉर्नर ब्रदर्स तेव्हा रूझवेल्टच्या बाजूने उघडपणे उभे होते. त्यामुळे हा शेवट म्हणजे सरकारी जाहिरात, असे म्हणून पुष्कळ जण तो बाजूला काढतात आणि उरलेला चित्रपट तेवढा खरा मानतात.

मला हे पटत नाही. शेवट लादलेला आहे हे कबूल, पण तो निरर्थक नाही. सबंध चित्रपटात पहिल्यांदा एक अधिकारी माणूस 'तुम्ही कुठले' याचे उत्तर न मिळताही या मुलांची जबाबदारी जागच्या जागी उचलतो. एडी आपल्या घरचा पत्ता सांगायला तयार नसतो, तरीही. इतिहासात नेमके हेच त्या वर्षी घडत होते, आणि ते एका भल्या न्यायाधीशाच्या कृपेने नव्हे. मे १९३३ मध्ये संघीय आणीबाणी मदत कायदा झाला. हॅरी हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यातून परगावच्या गरजूंसाठी वेगळी योजना निघाली. एखाद्या राज्यात वर्षभरही न राहिलेल्या माणसाचा खर्च केंद्र सरकार उचलणार, असे तिचे सूत्र होते. शहरांत नोंदणी-केंद्रे आणि शहराबाहेर छावण्या उघडल्या. तीनशे वर्षे गावाच्या वेशीत अडकलेली जबाबदारी प्रथमच देशाने आपली मानली. त्याच वसंतात निघालेल्या नागरी संवर्धन दलात तरुणांना जंगलात झाडे लावण्याचे, बांध घालण्याचे काम मिळू लागले. महिन्याला ३० डॉलर, त्यातले सुमारे २५ थेट घरी. पण ते दल अठरा वर्षांवरच्या मुलग्यांसाठी होते. एडी आणि टॉमी त्यात वयाने बसत नाहीत आणि सॅली तर मुलगीच. म्हणजे ज्या मुलांविषयी चित्रपट आहे तीच नव्या योजनेच्याही फटीतून खाली पडत होती, आणि पटकथेला ती फट एका न्यायाधीशाच्या दयेने भरावी लागली. या शेवटाचा खोटेपणा एवढ्यापुरता आहे: तो जे तिघांसाठी करतो ते लाखोंसाठी कसे करायचे हे सांगत नाही. दिग्दर्शकालाही ते जाणवले असावे. आनंदाने एडी रस्त्यावर कोलांट्या मारतो, डोक्यावर गिरक्या घेतो आणि थांबून पाहतो तर कुबडीवरचा टॉमी. कोलांट्या तिथेच संपतात. नोकरी मिळाली तरी पाय परत येणार नाही, हे लादलेल्या शेवटातही वेलमनने नोंदवून ठेवले.

दुःख दाखवण्याचा हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, असे म्हणणाराही एक चित्रपट आहे आणि तो हुशार आहे. प्रेस्टन स्टर्जेसच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' या १९४१ च्या चित्रपटात एक यशस्वी विनोदी दिग्दर्शक गरिबांवर गंभीर चित्रपट काढायचा म्हणून फाटके कपडे घालून मालगाडीवर चढतो. पुढे स्मृती हरवलेल्या अवस्थेत रेल्वेच्या पहारेकऱ्याला मारल्याबद्दल त्याला सक्तमजुरीच्या छावणीत सहा वर्षांची शिक्षा होते. तिथे कैदी कार्टून पाहून पोट धरून हसतात, तेव्हा त्याला साक्षात्कार होतो की पिचलेल्या माणसाला हसूच हवे असते. हे म्हणणे अर्धे खरे आहे. भुकेल्याला भुकेचा चित्रपट दाखवण्यात काय अर्थ? पण वेलमनचा चित्रपट भुकेल्यासाठी नव्हता. खिडकीतून तिकीट काढून आत बसलेल्या, ज्याच्या गावातून ही मुले रोज पुढे पाठवली जात होती, त्या प्रेक्षकासाठी तो होता. त्याला ही मुले आपल्याच शाळेतली, आपल्याच नाचाच्या कार्यक्रमातली वाटावीत म्हणून तर सुरुवातीला दोन्ही मित्र हसत-खेळत दाखवले आहेत. आणि स्टर्जेसचा नायक छावणीतून सुटतो तो हसून नव्हे, तर तो कोण आहे हे बाहेरच्यांना कळल्यामुळे. ओळख सिद्ध झाली आणि दार उघडले. शिकागोच्या फलाटावर सॅलीच्या पत्राने जे केले तेच इथेही झाले, म्हणजे स्टर्जेसची कथाच त्याच्या निष्कर्षाविरुद्ध साक्ष देते.

असे चित्रपट काढण्याची मुभाही थोड्याच दिवसांची होती. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची निर्मिती-संहिता कडकपणे लागू झाली आणि बलात्कार, कुंटणखाना, रेल्वे-कर्मचाऱ्याचा मृत्यू असे प्रसंग शाळकरी मुलांच्या कथेत घालणे जवळजवळ अशक्य झाले. सरकारी योजनेचे आयुष्यही तेवढेच. परगावच्या गरजूंची केंद्रे सप्टेंबर १९३५ पासून गुंडाळायला सुरुवात झाली आणि जबाबदारी पुन्हा गावांवर आली. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस शेकडो मैल दूर, कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवर धाडले आणि मालगाड्यांतून, मोटारींतून येणाऱ्या गरिबांना परत फिरवायला लावले. एका शहराचे पोलीस राज्याची वेस राखत होते. कॅलिफोर्नियात गरीब माणसाला आणणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही होता. टेक्ससहून आपल्या बेकार नातलगाला मोटारीतून घेऊन आलेल्या एका माणसावर त्याखाली खटला झाला. 'एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. गरीब असणे हे वेशीवर अडवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे तेव्हा ठरले. पण आत आलेल्याला मदत द्यायची की नाही, हा प्रश्न त्या निकालाने सोडवला नव्हता. मदतीसाठी वर्षभराच्या वास्तव्याची अट घालणारे राज्यांचे कायदे घटनाबाह्य ठरायला 'शपिरो विरुद्ध थॉम्पसन' या खटल्याचा १९६९ सालचा निकाल यावा लागला. वेलमनच्या चित्रपटातल्या वयाची जी मुले रुळांवरून जिवंत परतली होती, ती तोवर पन्नाशीच्या पुढे गेली होती.